अग्रिप्पा : शत्रूलाही पाणी पाजलं आणि रोमलाही

ओसरी

रोममधल्या पँथिऑनचा फोटो बहुतेक सगळ्यांनीच बघितला असेल, भला मोठा गोल घुमट आणि मधोमध आकाशाला उघडं भोक. त्याच्या दर्शनी भागावर हातभर उंचीच्या अक्षरांत एक ओळ कोरलीय, अर्थ साधारण असा की लुसियसचा मुलगा मार्कस अग्रिप्पा, तिसऱ्यांदा कॉन्सुल (रोममधलं निवडून येण्याचं सर्वात मोठं पद) असताना त्याने हे बांधलं. पण आज उभी आहे ती इमारत त्याची नाहीच. त्याची आगीत गेली, आत्ताची पूर्ण झाली ती सम्राट हेड्रियनच्या काळात, म्हणजे अग्रिप्पा जाऊन सव्वाशे वर्षं उलटून गेल्यावर, आणि तरी हेड्रियनने स्वतःचं नाव न घालता याचंच ठेवलं. दुसरी गोष्ट पटकन लक्षात येत नाही ती म्हणजे त्या ओळीत कुळाचं नाव नाहीये. पूर्ण नाव मार्कस विप्सानियस अग्रिप्पा. पण विप्सानियस कोण, हे रोममधल्या कुठल्याच मोठ्या घराला माहीत नव्हतं, त्यावरून लगेच कळायचं की हा साध्या घरातला, म्हणून त्याने ते वापरणंच सोडून दिलं.

मला हा माणूस गेली कित्येक वर्षं डोक्यातून जात नाहीये म्हणून आज एकदा सगळं लिहून काढतेय. सीझरवर मराठीत वाचायला मिळतं, क्लिओपात्रावर तर भरपूर, पण ज्याने क्लिओपात्राचं आरमार हरवलं त्याचं नाव विचारलं तर आपण "ऑगस्टस" म्हणून मोकळे होतो.

इ.स.पू. ४४. ज्युलियस सीझरचा खून झाला तेव्हा त्याच्या बहिणीचा नातू ऑक्टेव्हियन, म्हणजे पुढचा सम्राट ऑगस्टस, समुद्रापलीकडे अपोलोनियात शिकायला होता, वय १८. सोबत त्याच्याच वयाचा मित्र अग्रिप्पा. तिथली एक गोष्ट सुएटोनियस या रोमन चरित्रकाराने सांगितलीय. दोघं थिओजेनिस नावाच्या ज्योतिषाकडे गेले. त्याने अग्रिप्पाचं भविष्य इतकं मोठं सांगितलं की ऑक्टेव्हियनला आपली जन्मवेळ सांगायची भीतीच वाटायला लागली, आपलं याच्यापेक्षा कमी निघालं तर? फार आग्रह झाल्यावर सांगितली, तर ज्योतिषी उठून त्याच्या पाया पडला. खरी असेल नसेल, पण या दोघांचं पुढचं सगळं आयुष्य मला या एका प्रसंगात दिसतं.

सीझरने मृत्युपत्रात ऑक्टेव्हियनला दत्तक घेतल्याचं कळलं आणि दोघं इटलीत आले. पुढची चौदा वर्षं नुसती यादवी. ऑक्टेव्हियनचं डोकं राजकारणात जबरदस्त चालायचं पण रणांगण हे त्याचं काम नव्हतं हे त्याला स्वतःलाही माहीत होतं, आणि हे माहीत असणं हीच त्याची ताकद असं माझं मत. लढाया अग्रिप्पाने जिंकायच्या. पेरुसियाच्या वेढ्यात तो होता, मग गॉलमधे, म्हणजे आजच्या फ्रान्सकडे, गेला, तिथे सैन्य घेऊन ऱ्हाईन ओलांडली, सीझरनंतर ऱ्हाईन ओलांडणारा तोच पहिला रोमन सेनापती. सिनेटने विजययात्रा मंजूर केली. रोमन सेनापतीसाठी यापेक्षा मोठा मान नाही, चार घोड्यांच्या रथात उभं राहून सगळ्या शहरातून मिरवणूक. याने नको म्हणून सांगितलं. कारण त्याच सुमारास इकडे ऑक्टेव्हियन सिसिलीजवळ सेक्स्टस पॉम्पीकडून, म्हणजे सीझरचा जुना शत्रू पॉम्पी याच्या मुलाकडून, समुद्रावर सपाटून मार खाऊन बसला होता, आणि मित्र हरलेला असताना आपण मिरवायचं हे त्याला पटलं नाही.

मिरवणुकीऐवजी त्याने काय मागून घेतलं तर आरमार उभारायचं काम. इ.स.पू. ३७ मधे तो कॉन्सुल झाला, वय फार तर २६, एरवी या पदाला चाळिशी उलटावी लागायची. सेक्स्टसचं आरमार सगळा किनारा नासवत होतं, रोमला येणारं धान्य अडवत होतं, आणि इटलीच्या त्या किनाऱ्यावर सुरक्षित बंदर नाही. अग्रिप्पाने नेपल्सजवळची दोन तळी शोधली, ल्युक्राइन आणि आव्हर्नस, मधली जमीन खणून ती एकमेकांना आणि समुद्राला जोडली आणि आत बंदर केलं. नाव दिलं पोर्टस ज्युलियस, म्हणजे मित्राच्या घराण्याचं. वल्ही मारायला २०,००० गुलाम स्वतंत्र करून घेतले आणि त्या शांत पाण्यात त्यांच्याकडून सराव करून घेतला.

मग ३६ च्या सप्टेंबरमधे नॉलोकसची लढाई. दोन्हीकडे प्रत्येकी तीनशेच्या आसपास जहाजं. सेक्स्टसची १७ निसटली, अग्रिप्पाची फक्त ३ बुडाली. आणि ऑक्टेव्हियन? लढाईआधी इतका गाढ झोपला की इशारा द्यायला मित्रांना त्याला उठवावं लागलं, सत्तेतला त्याचा प्रतिस्पर्धी मार्क अँटनी पुढे यावरून त्याला कायम टोमणे मारायचा. अग्रिप्पाला जहाजांच्या नाळीची नक्षी असलेला सोन्याचा मुकुट मिळाला, नाण्यांवर त्याच्या डोक्यावर दिसतो तोच.

आणि आता मला सगळ्यात आवडणारा भाग. इ.स.पू. ३३. कॉन्सुल होऊन गेलेला, दोन समुद्री युद्धांचा अनुभव असलेला हा माणूस एडिल झाला. एडिल म्हणजे रस्ते, बाजार, गटारं, पाणी बघणारा. आपल्याकडच्या भाषेत केंद्रात मंत्री राहून झाल्यावर वॉर्डाच्या नगरसेवकाची निवडणूक लढवण्यासारखं. आणि त्या एका वर्षात त्याने ७०० हौद, ५०० कारंजी, १३० वाटपाच्या टाक्या केल्या, प्लिनी या रोमन लेखकाने आकडे दिलेत. तुंबलेली गटारं साफ करून घेतली आणि मग स्वतः होडीत बसून त्या मुख्य गटारातून आतल्या आत थेट टायबर नदीत बाहेर निघाला. तेल आणि मीठ वाटलं, हमामखाने फुकट केले, सणाच्या दिवशी न्हाव्यांचे पैसे स्वतः भरले. सरकारी तिजोरीतून एक पैसा घेतला नाही.

दोन वर्षांनी ॲक्टियम, अँटनी आणि क्लिओपात्राविरुद्धची समुद्री लढाई. ते प्रतिसादात लिहीन, आधीच खूप लांबलंय.

सह्यभटक्या

मस्त धागा ताई. गटारातून होडीने जाणारा माजी कॉन्सुल हे चित्र डोळ्यासमोरून हलत नाहीये. ॲक्टियम लिहा लवकर, वाचतोय.

अर्धविराम

ताई मी टीवायला आहे, इतिहास स्पेशल, आम्हाला रोमन रिपब्लिकचा शेवट अर्ध्या पानात शिकवला. एक विचारायचं होतं, नॉलोकसला फक्त तीन जहाजं बुडाली हे कसं काय शक्य आहे? समोरचे तर कित्येक वर्षं समुद्रावरच जगत होते ना?

ओसरी

@अर्धविराम, छान प्रश्न. सेक्स्टसची माणसं दर्यावर्दीच होती, जहाजं हलकी आणि चपळ. अग्रिप्पाने त्यांच्याशी चपळाईत स्पर्धाच केली नाही. त्याने जहाजं जड आणि उंच बांधली, धडक खाऊनही न फुटणारी, आणि त्यावर एक नवीन यंत्र बसवलं, हार्पॅक्स. पाच हात लांबीचा लाकडी ओंडका, सगळीकडून लोखंडाने मढवलेला म्हणजे कुऱ्हाडीने तोडता येऊ नये, एका टोकाला लोखंडी आकडा आणि दुसऱ्या टोकाला दोर. हा गोफणयंत्रातून लांबून समोरच्या जहाजावर फेकायचा, आकडा रुतला की दोर गुंडाळत जहाज ओढून घ्यायचं. जवळ आलं की मग समुद्रावरची लढाई जमिनीवरची होते आणि तिथे रोमन शिपाई सरस. मागचे आकडे जहाजाच्या जवळून टाकावे लागायचे, हा हलका असल्यामुळे लांबून फेकता यायचा आणि दोर इतका मागे की समोरच्याला तोडायला हात पोचत नाही.

@सह्यभटक्या, ॲक्टियम थोडक्यात. सगळे २ सप्टेंबर ३१ ची लढाई सांगतात, क्लिओपात्रा पळाली, अँटनी तिच्यामागे गेला वगैरे. पण लढाई तोवर जवळपास जिंकून झाली होती. अँटनीचं प्रचंड सैन्य ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि त्याला खायला येणार इजिप्तवरून, समुद्रामार्गे. अग्रिप्पाने वसंतातच अचानक दक्षिणेला जाऊन मेथोनी घेतलं, तिथला अँटनीचा ठाणेदार राजा बोगुड मारला गेला, मग ल्यूकास घेतलं, पात्रास घेतलं. म्हणजे रसदीच्या वाटेवरचं एकेक बंदर उचललं. उन्हाळाभर अँटनीचे लोक उपासमारीने आणि तापाने मरत होते, सरदार रोज फुटून ऑक्टेव्हियनकडे येत होते. सप्टेंबरात अँटनी लढायला नाही, निसटायला बाहेर पडला. ज्याला हे कळतं त्याला कळतं की तो दिवस अग्रिप्पाने सहा महिने आधीच जिंकला होता.

तिसरा_डोळा

लेख चांगला आहे पण मला थोडं वेगळं म्हणायचंय. "मित्र हरला म्हणून विजययात्रा नाकारली" हे ऐकायला छान वाटतं. पण हे त्याने एकदा नाही तीनदा केलं, गॉलनंतर, मग १९ मधे स्पेनमधल्या कँटाब्रियन लोकांना हरवल्यावर आणि १४ मधे काळ्या समुद्राकडचं प्रकरण मिटवल्यावर. आणि त्याचा परिणाम काय झाला ते बघा. अग्रिप्पासारखा माणूस नको म्हणतो म्हटल्यावर बाकीच्या सेनापतींनी कुठल्या तोंडाने मागायची? इ.स.पू. १९ मधे बाल्बस नावाच्या सेनापतीने काढली ती राजघराण्याबाहेरच्या माणसाची शेवटची विजययात्रा. चारपाचशे वर्षं चालत आलेली गोष्ट याच्या नम्रतेने संपली आणि फायदा कोणाचा झाला, एकट्या ऑगस्टसचा. याला मी निष्ठा म्हणणार नाही, हे ठरवून केलेलं राजकारण आहे आणि त्यात गणराज्याचा बळी गेला.

दुसरं म्हणजे तो भला माणूस वगैरे होता हे डोक्यातून काढा. कँटाब्रियात त्याने लढायच्या वयाचे जवळपास सगळे पुरुष मारले आणि उरलेल्यांची हत्यारं काढून त्यांना डोंगरातून खाली सपाटीवर आणून बसवलं.

ओसरी

@तिसरा_डोळा, कँटाब्रियाचं तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि मी ते लेखात लिहायला हवं होतं. तिथे त्याने स्वतःच्या सैन्यालाही सोडलं नाही, एका लीजनने, म्हणजे सैन्याच्या मोठ्या तुकडीने, हार खाल्ली म्हणून तिचं "ऑगस्टा" हे मानाचं नाव काढून घेतलं. कठोर माणूस होता.

विजययात्रेबद्दल परिणाम तुम्ही म्हणता तोच झाला, पण हेतूबद्दल मला अजून पटत नाही. साल्व्हिडिएनस रुफस आठवा. तोही अपोलोनियातलाच मित्र, तोही साध्या घरातला, तोही सेनापती, कॉन्सुल म्हणून नाव जाहीर झालेला. त्याने ४० मधे गुपचूप अँटनीशी संधान बांधलं आणि उघडकीला आलं तेव्हा जीव गेला. म्हणजे अग्रिप्पासमोर दुसरा रस्ता होता, त्याच्याच बरोबरीच्या माणसाने तो घेतला होता. याच्याकडे तर अख्खं आरमार होतं. इ.स.पू. २३ मधे ऑगस्टस मरणाच्या दारात होता आणि त्याने आपली मुद्रेची अंगठी काढून कोणाला दिली तर अग्रिप्पाला. भाचा मार्सेलसला नाही. ती अंगठी हातात असताना अग्रिप्पाने काहीही केलं नाही, ऑगस्टस बरा झाला.

तिसरा_डोळा

पण मी म्हणेन साल्व्हिडिएनसचं जे झालं ते बघूनच हा शहाणा झाला! आणि २३ मधे तो लगेच पूर्वेकडे निघून गेला, लेस्बॉस बेटावर जाऊन बसला आणि सीरियाचा कारभार हाताखालच्या माणसांकडून चालवला. मार्सेलसशी पटत नव्हतं हे त्या वेळच्या लोकांनाही दिसत होतं. ऑगस्टसचा सल्लागार मेसेनासने त्याला जे सांगितलं ते पुरेसं बोलकं आहे, की तू याला इतका मोठा केलायस की आता एक तर जावई करून घे नाहीतर मारून टाक. जिथे हे दोनच पर्याय आहेत तिथे निष्ठा हा शब्द कुठे बसतो ते तुम्हीच सांगा.

ओसरी

मेसेनासचं वाक्य ऑगस्टसपुढचे पर्याय सांगतं, अग्रिप्पापुढचे नाही. पण ठीक आहे, इथे आपलं जमणार नाही बहुतेक, आणि तुमचा विजययात्रेचा मुद्दा मला मान्यच आहे. त्याने स्वतःला दुसरा ठेवलं त्यामुळे बाकी कोणालाच पहिलं होता येईना. हे लिहिताना मला वाईट वाटतंय पण ते तसंच आहे.

पाटबंधारे

मी एका नगरपालिकेत पाणीपुरवठा विभागात ३१ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. राजकारणातलं मला फार समजत नाही पण पाण्याबद्दल दोन गोष्टी लिहितो.

अक्वा व्हर्गो म्हणून एक पाट अग्रिप्पाने इ.स.पू. १९ मधे चालू केला. लांबी २० किलोमीटरच्या थोडी वर, बहुतेक सगळा जमिनीखालून. आणि पूर्ण लांबीत उतार किती तर ४ मीटरच्या आसपास. म्हणजे किलोमीटरला जेमतेम वीतभर. पंप नाही, लेव्हल मशीन नाही, आणि पाणी नुसतं आपल्या वजनाने शहरात पोचलं पाहिजे. उतार थोडा जास्त झाला तर तळ खरवडतो आणि पुढे उंची राहत नाही, थोडा कमी झाला तर गाळ बसतो. ज्याने पाण्याची लाईन टाकलीय त्याला विचारा हे काय काम आहे. आणि तो पाट दुरुस्त होत होत आजतागायत आहे, रोमच्या त्या प्रसिद्ध ट्रेव्ही कारंज्याला त्याचंच पाणी येतं. कारंज्याच्या वर एका बाजूला जे शिल्प आहे त्यात अग्रिप्पाच दाखवलाय, पाटाच्या कामाला मंजुरी देताना.

पण मला याहूनही मोठं वाटतं ते दुसरं काम. त्याने स्वतःच्या खर्चाने २४० माणसांची कायमची टोळी ठेवली होती, गुलामच होते ते, पण काम शिकवून तयार केलेले, फक्त पाट, हौद आणि टाक्यांच्या देखभालीसाठी. मेल्यावर ती टोळी ऑगस्टसला गेली आणि त्याने ती सरकारला दिली. पुढे शंभर वर्षांनी फ्राँटिनस रोमचा पाणी अधिकारी झाला तेव्हाही ती टोळी काम करत होती. आमच्या नोकरीत एक गोष्ट मी आयुष्यभर बघितली, नवीन टाकी बांधायला पैसा लगेच मिळतो, उद्घाटनाला माणसं येतात, नारळ फुटतो, पण त्या टाकीचा व्हॉल्व बदलायला माणूस मागितला की वर्षानुवर्षं फाईल हलत नाही. आमच्याकडे एक उंचावरची टाकी बांधून सहा वर्षं कोरडी होती कारण चालवायला ऑपरेटरचं पदच मंजूर झालं नव्हतं. मी त्यावर किती पत्रं लिहिली त्याचा हिशोब नाही. म्हणून हे २४० माणसांचं वाचलं तेव्हा मला भरून आलं हो. दोन हजार वर्षांपूर्वी कोणाला तरी कळलं होतं की पाणी म्हणजे बांधकाम नव्हे, पाणी म्हणजे रोज सकाळी कामावर येणारा माणूस.

सह्यभटक्या

काका, दंडवत. हा प्रतिसाद वेगळा धागा व्हायला पाहिजे.

ओसरी

काका, तुम्ही जे लिहिलंत ते मला इतक्या वर्षांत कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. तुमच्यासाठी एक किस्सा. एकदा रोमच्या लोकांनी ऑगस्टसकडे तक्रार केली की वाईन मिळत नाही, महाग झालीय. तर तो म्हणाला, माझ्या जावयाने इतके पाट आणून ठेवलेत की कोणाला तहानलेलं राहायची वेळ यायची नाही.

अबोली

सगळे प्रतिसाद वाचले, छान चर्चा. पण "जावई करून घे नाहीतर मारून टाक" या वाक्यात एक तिसरं माणूस आहे आणि त्याच्याबद्दल कोणीच काही बोललं नाही, ती मुलगी. ज्युलिया. ऑगस्टसचं एकुलतं एक अपत्य. चौदाव्या वर्षी आतेभाऊ मार्सेलसशी लग्न, सोळाव्या वर्षी विधवा, अठराव्या वर्षी बापाच्या वयाच्या, खरोखर बापाच्याच वयाच्या, अग्रिप्पाशी लग्न. त्यासाठी अग्रिप्पाला आधीच्या बायकोला, मार्सेलाला, सोडावं लागलं आणि ती मार्सेला कोण तर मेलेल्या मार्सेलसची सख्खी बहीण. नऊ वर्षांत पाच मुलं, शेवटचं तर नवरा गेल्यावर जन्मलं, म्हणून नावच पोस्ट्युमस. वर्ष व्हायच्या आत तिसरं लग्न, ऑगस्टसचा सावत्र मुलगा टायबेरियसशी. आणि टायबेरियसची बायको कोण होती? अग्रिप्पाचीच पहिल्या लग्नाची मुलगी विप्सानिया! म्हणजे सावत्र मुलीचा संसार मोडून तिच्या नवऱ्याशी हिचं लग्न लावलं. टायबेरियसचा त्या बायकोवर जीव होता, पुढे एकदा ती नुसती रस्त्यात दिसली तर तो रडत रडत बघत राहिला आणि मग पुन्हा ती त्याच्या नजरेला पडणार नाही याची व्यवस्था केली गेली.

शेवटी ज्युलियाला बापानेच व्यभिचाराच्या आरोपावरून पांडाटेरिया नावाच्या छोट्याशा बेटावर टाकलं, वाईनचा घोट मिळू दिला नाही. मला अग्रिप्पाबद्दल आदर वाटतो पण या घरात बायकांचं काय झालं ते त्याच्या पाटांइतकंच लिहिलं गेलं पाहिजे.

ओसरी

अबोली, मी गप्प. खरं आहे. यात अजून एक भर घालते. एकदा पूर्वेला असताना ज्युलिया रात्रीची इलियमकडे, म्हणजे जुन्या ट्रॉयकडे, येत होती आणि स्कमँडर नदीला अचानक पूर आला, ती आणि सोबतची माणसं वाहून जाता जाता वाचली. इलियमच्या लोकांना ती येणार हे माहीतच नव्हतं. अग्रिप्पाने तरी शहराला १,००,००० ड्रॅकमा दंड ठोकला. शेवटी ज्यूंचा राजा हेरोड मधे पडला, त्याची आणि अग्रिप्पाची चांगली मैत्री होती, आणि दंड माफ झाला. हे वाचून मला कधी वाटतं त्याचा तिच्यावर जीव असेल, कधी वाटतं हा फक्त सम्राटाच्या लेकीचा हिशोब होता.

आणि मुलांचं म्हणाल तर गायस आणि लुसियस या दोन मुलांना ऑगस्टसने वारस म्हणून दत्तक घेतलं, दोघंही तरणेताठे गेले. पोस्ट्युमसला ऑगस्टस मेल्या मेल्या मारलं. मुलगी ॲग्रिपिना त्याच पांडाटेरियावर उपाशी मेली. तिचा मुलगा कॅलिग्युला सम्राट झाला आणि त्याला अग्रिप्पा आपला आजोबा आहे याची लाज वाटायची, घराणं खालचं म्हणून. त्यापेक्षा आपली आई ऑगस्टस आणि ज्युलिया या बापलेकीच्या संबंधातून झाली असं सांगणं त्याला बरं वाटलं. नीरो हा अग्रिप्पाचा पणतू.

रंकाळा

मी कोल्हापूरचा. अवांतर वाटलं तर सोडून द्या पण आमच्या टाऊन हॉल म्युझियममधे पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती आहे, ग्रीकांचा समुद्रदेव. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरी टेकडीवर उत्खनन झालं त्यात सापडली, रोमशी व्यापार चालायचा त्या काळातली, सातवाहनांच्या वेळची. शाळेच्या सहलीत बघितली होती तेव्हा काहीच कळलं नव्हतं. याचा तुमच्या या अग्रिप्पाशी काही संबंध लागतो का?

ओसरी

@रंकाळा, अवांतर अजिबात नाही, उलट मी कोणी हे काढतंय का याची वाट बघत होते. मूर्तीचा थेट अग्रिप्पाशी संबंध कोणी जोडू नये. पण वाट मात्र त्याच्या लढाईतून जाते. ॲक्टियमनंतर वर्षभरात इजिप्त रोमकडे आलं, आणि इजिप्तबरोबर तांबड्या समुद्रावरची बंदरं आली. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो स्वतः त्या काळात तिथे गेला होता, तो लिहितो की आता मायोस होर्मोस बंदरातून वर्षाला १२० जहाजं भारताकडे निघतात, आधी फार थोडे लोक धाडस करायचे. पुढे त्याच व्यापाऱ्यांच्या तोंडी कल्याण, सोपारा, पैठण आणि तेर ही नावं येतात. पैठण-तेरहून माल गाड्यांनी भडोचला जायचा. कोल्हापूरला त्या वस्तू पोचल्या त्या याच सगळ्या येण्याजाण्यात.

आणि देव तोच आहे बघा. ग्रीकांचा पोसायडन तो रोमनांचा नेपच्यून. सेक्स्टस पॉम्पी स्वतःला नेपच्यूनचा मुलगा म्हणवून घ्यायचा, समुद्राच्या रंगाचा निळा अंगरखा घालायचा, कारण ऑक्टेव्हियनची जहाजं वादळात फुटली होती आणि लोकांना वाटायला लागलं की देव याच्याच बाजूचा. चिडून ऑक्टेव्हियन म्हणाला की नेपच्यूनची इच्छा नसली तरी मी जिंकीन, आणि पुढच्या उत्सवाच्या मिरवणुकीतून नेपच्यूनची मूर्तीच काढून टाकली. अग्रिप्पाने मात्र जिंकल्यावर रोममधे नेपच्यूनच्या नावाने मोठी इमारत बांधली, इ.स.पू. २५ मधे, नौदलाच्या विजयांसाठी. आणि त्याच्या नावाचं जे तांब्याचं नाणं निघालं त्यावर एका बाजूला जहाजांच्या नाळीचा मुकुट घातलेला अग्रिप्पा आणि दुसऱ्या बाजूला हातात डॉल्फिन आणि त्रिशूळ घेतलेला नेपच्यून. देवाशी भांडण मित्राने केलं, समेट याने केला.

रंकाळा

काटा आला अंगावर. रविवारी लेकाला घेऊन म्युझियमला जातो.

पाटबंधारे

त्याने जगाचा नकाशा पण केला होता म्हणतात ना? त्याबद्दल लिहा.

ओसरी

हो काका. रोमन साम्राज्यभरची अंतरं गोळा करून त्याने मोठा नकाशा करायला घेतला, भिंतीवर लावून लोकांना बघता यावा म्हणून. त्याच्या हयातीत झाला नाही, बहिणीने, पोला तिचं नाव, ते दालन बांधायला घेतलं आणि ऑगस्टसने पूर्ण केलं. नकाशा गेला पण त्यातले आकडे प्लिनीने उतरवून घेतलेत, भारताची लांबीरुंदीसुद्धा आहे त्यात. चित्रं-मूर्तींबद्दलही त्याचं हेच म्हणणं होतं, त्यावर त्याने भाषण केलं होतं की या गोष्टी श्रीमंतांच्या बंगल्यात कोंडून न ठेवता सगळ्यांसाठी उघड्या ठेवा. प्लिनी त्याला रांगडा म्हणतो आणि त्याच दमात या भाषणाचं कौतुक करतो.

अर्धविराम

ताई तो मेला कसा? मारलं का त्यालाही?

ओसरी

नाही रे. इ.स.पू. १३ च्या हिवाळ्यात पॅनोनियात, म्हणजे डॅन्यूबकडे, बंड होणार म्हणून गेला. तो येतोय हे ऐकूनच ते शांत झाले. परत येताना कँपानियात आजारी पडला. पायाचं दुखणं त्याला आयुष्यभर होतं पण हे वेगळं असावं. ऑगस्टस ग्लॅडिएटरांचे खेळ भरवत होता, तसाच उठून निघाला, पोचेपर्यंत संपलं होतं. इ.स.पू. १२ चा मार्च. वय ५०-५१. त्याने स्वतःसाठी वेगळी कबर बांधून ठेवली होती पण ऑगस्टसने त्याच्या अस्थी स्वतःच्या कबरीत ठेवल्या. बागा आणि हमामखाना त्याने रोमच्या लोकांना लिहून दिला होता, फुकट आंघोळीसाठी.

ऑगस्टसने अंत्यविधीला भाषण केलं. त्याचा एक तुकडा ग्रीक भाषांतरात पपायरसवर सापडलाय, आज जर्मनीत कोलोनला आहे. मोजक्या ओळी आहेत, कोणत्या साली कोणते अधिकार सिनेटने दिले त्याची यादी, रुक्षच. पण सगळं थेट मेलेल्या अग्रिप्पाला उद्देशून आहे. "तुला पाच वर्षांसाठी अधिकार दिला गेला, लेंटुलस कॉन्सुल असताना. पुन्हा पाच वर्षांसाठी, टायबेरियस आणि व्हारस, तुझे जावई, कॉन्सुल असताना."

अबोली

एक शंका. ग्रीक-लॅटिनमधे आदरार्थी नसतं ना? मग "तुला" कशावरून? भर फोरममधे (रोमच्या मुख्य चौकात), सगळ्या लोकांसमोर, दोन वेळा बरोबरीने कॉन्सुल राहिलेल्या माणसाला आपण मराठीत "आपल्याला" म्हणू.

तिसरा_डोळा

इथे मात्र मी ओसरीताईंच्या बाजूने. अठराव्या वर्षापासूनचा मित्र आहे, "तुला"च. "आपल्याला" केलं तर तो सम्राट होईल.

पाटबंधारे

"तुला"च ठेवा. मी माझ्या मित्राच्या वेळी स्मशानात बोललो होतो, इतकी वर्षं ऑफिसात सगळ्यांसमोर साहेब म्हणायचो त्याला. तिथे तोंडातून "तू"च निघालं.